होडीच्या दुरुस्तीचं बिल दुप्पट आलंय, मदत हवी आहे

हर्णैला आमची लाकडी होडी आहे, दोन सिलिंडरचं इंजिन. जूनमध्ये मासेमारीबंदी लागल्यावर कारखान्यात चढवली. तोंडी ठरलं होतं ७० हजार: तळाच्या चार फळ्या, वरून फायबर. आता बिल १ लाख ४८ हजार. कारखानदार म्हणतो, फळ्या काढल्यावर आतले वाकही (होडीच्या लाकडी फासळ्या) कुजलेले निघाले. दोन वाक मी स्वतः पाहिले, बोटाने लाकडाचा भुगा होत होता, ते मान्य. पण बिलात सात लावलेत, शिवाय इंजिनाचा शाफ्ट आणि त्यावरचा पाण्यातला पंखा. त्यासाठी मला एक फोनही नाही. जुना पंखा मागितला तर भंगारात गेला म्हणतात.

तपशीलवार बिल मागितलं, साध्या कागदावर चार ओळी मिळाल्या. दुसऱ्या सुताराला दाखवलं, पण वरून फायबर चढलंय, आतलं काम मोजता येत नाही म्हणाला. ठरलेले ७० हजार आजही द्यायला तयार आहे. पूर्ण पैसे दिल्याशिवाय होडी सोडत नाहीत, आणि १ ऑगस्टला समुद्र खुला होतोय.

करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागीर मजुरीसाठी वस्तू अडवू शकतो, हे वाचलंय. पण न सांगता केलेल्या कामासाठीही अडवता येते का? आणि हरकत लिहून पूर्ण रक्कम भरली, होडी सोडवली, तर ग्राहक आयोगात नंतर दाद मागता येईल का? होडीवरच घर चालतं. कुणी असं केलंय का?