दोन्ही आयन एकदम चमकले, पण ते एन्टँगल्ड (क्वांटम पातळीवर एकमेकांत गुंतलेले) आहेत हे कशावरून?

निशिगंध: सेमिनारसाठी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या भौतिकशास्त्रज्ञ राइनर ब्लाट यांच्या गटाचं काम वाचतोय. सापळ्यात कॅल्शियमचे दोन आयन (विद्युतभारित अणू). ३९७ नॅनोमीटरचा लेझर टाकला की ‘एस’ ऊर्जापातळीतला चमकतो, ‘डी’मधला काळाच राहतो. ‘एसएस + डीडी’ ही बेल स्थिती (दोन कणांच्या चार ठरावीक एन्टँगल्ड स्थितींपैकी एक; इथे दोघे ‘एस’ आणि दोघे ‘डी’ या शक्यता एकाच वेळी असतात) मोजली तर निम्म्या वेळा दोन्ही चमकतात, निम्म्या वेळा दोन्ही काळे. पण मी नाणं उडवून कधी एसएस, कधी डीडी तयार केलं तरी आकडे हेच येतील ना?

लेझरघाशा: येतील. नुसत्या चमकण्यावर विश्वास ठेवायचाच नाही. मोजण्याआधी दोघांनाही ७२९ नॅनोमीटरचा पाय-बाय-टू पल्स (आयनाला ‘एस’ आणि ‘डी’च्या अर्ध्या वाटेवर नेणारा) द्यायचा आणि प्रयोग पुन्हा पुन्हा करताना त्याची फेज (लेझरच्या लहरीचा टप्पा) सरकवत न्यायची. मग पॅरिटी बघ: दोघे सारखे निघाले तर +१, वेगळे तर −१. तुझ्या नाणेफेकीची सरासरी शून्यावर आडवी पडून राहते. खरी बेल स्थिती असेल तर पॅरिटी झोका घेते, फेजच्या एका फेऱ्यात दोनदा. एसएस-डीडी मिळण्याची एकूण शक्यता आणि या झोक्याची शून्यापासूनची उंची, दोन्हींची सरासरी काढ. अर्ध्याच्या वर गेली की एन्टँगलमेंट पक्कं. नाणेफेक बरोबर अर्ध्यावर अडकते!

निशिगंध: आणि ‘एसडी + डीएस’, ‘एसडी − डीएस’? यांच्यात फरक फक्त चिन्हाचा.

लेझरघाशा: तोच पल्स दे. फेज काहीही असो, अधिकवाली +१ वर ठाम, उणेवाली −१ वर. उणेवाली म्हणजे सिंगलेट. दोघांना मिळून कसंही फिरव, कायम एकमेकांविरुद्धच.

आयन वाढले की खरी दमछाक. २००५ मध्ये इन्सब्रुकलाच आठ आयनांची डब्ल्यू स्थिती (एकच आयन ‘एस’मध्ये, बाकी ‘डी’मध्ये, पण तो एक कोणता हे अनिश्चित) पूर्ण मोजली. प्रत्येक आयनाला मोजण्याच्या तीन दिशा, म्हणून ६५६१ मांडण्या, प्रत्येक शंभरदा. दहा तास! लेझर अर्धा तास जागेवर राहिला तरी आम्ही चहा पाजतो.

पिंपळपान: हे सगळं हजारो प्रती मोजून झालं. हातात एकच जोडी असेल आणि चारांपैकी कुठली बेल स्थिती ते सांगायचं असेल तर?

लेझरघाशा: आयन एकेकटे मोजून चारही ओळखता येत नाहीत. आधी दोघांवर मिळून सी-नॉट गेट (एका ‘कंट्रोल’ आयनाच्या स्थितीनुसार दुसऱ्याला उलटवणारी क्रिया) चालवायचं, मग कंट्रोल आयनाला एक पल्स. चार बेल स्थितींच्या चार साध्या स्थिती होतात: दोन्ही चमकते, दोन्ही काळे, फक्त डावा, फक्त उजवा. २००४ मध्ये इन्सब्रुक आणि अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनआयएसटी या मानक संस्थेने आयनांचं टेलिपोर्टेशन (एका आयनाची क्वांटम स्थिती दुसऱ्यावर पोचवणं) केलं, तेव्हा मधली पायरी हीच होती.