इन्स्क्रिप्ट शिकावं का?

'फोनेटिकवर भागतंय, मग इन्स्क्रिप्टचा खटाटोप कशाला?' फोनेटिक म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी लिहिणं, आणि इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी. प्रश्न रास्त आहे. दिवसाला चार मेसेज लिहायचे असतील तर नकाच शिकू. पानंच्या पानं टंकायची असतील तर मात्र शिका. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. 'के'वर क, शिफ्ट धरून ख, त्यामुळे पाठांतर फार नाही. मी शिकलो ते 'दऱ्या'पायी. फोनेटिकमध्ये 'डोंगरदऱ्या' लिहायला गेलो की 'डोंगरदर्या' उमटायचं, म्हणजे डोंगराशेजारी थेट समुद्रच! इथे शिफ्ट-जे (ऱ), डी (अक्षराचा पाय मोडायला) आणि य, की झालं. पहिले पंधरा दिवस चिडचिड होते, ऑफिसच्या घाईत तर विचारूच नका. तेवढ्यापुरता जुना कीबोर्डही राहू द्या. गुजराती, कन्नडलाही अक्षरांच्या जागा जवळपास याच.