बी विंग ग्रुप: कुलकर्णी काकूंची जर्मनी

कुलकर्णी काकू (बी ४०३): नमस्कार मंडळी, अलीकडे कोणी जर्मनीला जाऊन आलंय का? लेकीला जानेवारीअखेरची तारीख दिलीय, मी आणि हे दोघंही जाणार आहोत, सहा महिने राहावं म्हणते, बाळाची मान धरून झाली, जरा बसायला लागलं की परत. एजंट म्हणतोय आधी इन्शुरन्स काढा. किती दिवसांचा काढू?

मंदार (सी २०२): काकू सहा महिने नाही मिळणार. ते अमेरिकेचं, तिकडे एअरपोर्टवर साधारण सहा महिने देतात म्हणून सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलंय. जर्मनी शेंगेनमधे येतं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, तिथे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, संपलं.

कुलकर्णी काकू: म्हणजे तीन महिने. बरं मग १० जानेवारीला जाऊन १० एप्रिलला येऊ.

मंदार: ते ९१ होतात 😅 उतरलात तो दिवस धरतात आणि निघता तोही धरतात. ९ एप्रिलला बाहेर पडायला हवं.

देशमुख काका (बी ६०४): अरे एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, आमच्या वेळी साहेबाने पासपोर्ट उघडून पण नीट पाहिला नव्हता.

मंदार: काका आता शिक्के चाळत बोटं मोडत नाही बसत कोणी. ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस आलंय, म्हणजे सीमेवर येण्याजाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा, फोटो, बोटांचे ठसे, आलेली-गेलेली तारीख सगळं कॉम्प्युटरमधे. एक दिवस जास्त झाला की तो आपोआप दाखवणार, आणि पुढच्या व्हिसाला ते निघतं.

कुलकर्णी काकू: मग शेवटी पंधरा दिवस स्वित्झर्लंडला भाच्याकडे राहिलो तर? तेवढे जर्मनीतले वाचतील ना

मंदार: नाही ना, तोही शेंगेन. २९ देश मिळून एकच मीटर चालू असतो.

सचिव (ए १०१): आजचा टँकर ११ वाजता. वॉशिंग मशीन आत्ताच लावू नये ही विनंती 🙏

स्नेहा (ए ५०५, सध्या म्युनिक): काकू मी आत्ताच सासूबाईंचं सगळं केलंय म्हणून सांगते. व्हिसासाठी पॉलिसी किमान ३०,००० युरोची लागते, सगळ्या शेंगेन देशात चालणारी, आणि त्यात इमर्जन्सी उपचार, हॉस्पिटल, आणि देव न करो पण काही झालं तर मायदेशी परत आणायचा खर्च, हे धरलेलं पाहिजे. तारखा जाण्याच्या दिवसापासून येण्याच्या दिवसापर्यंत, मधे एक दिवसही उघडा नको. मी पुढे थोडे दिवस जास्तच घेतले होते, फ्लाइट हलली तर काय करा.

कुलकर्णी काकू: तेवढी आहे, एजंटने सगळ्यात स्वस्तातली काढून देतो सांगितलंय.

देशमुख काका: वहिनी इथे जरा थांबा. स्वस्तातल्या पॉलिसीवर व्हिसा मिळतो, उपचार मिळतीलच असं नाही. आमच्या हिची शुगर तिकडे एकदम वाढली, रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं, कंपनीने (नाव नाही घेत) हात वर केले, म्हणे आधीपासूनचा आजार. पॉलिसीच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी चष्मा लावून वाचलं कधी, तर बिल भरून झाल्यावर. भाऊसाहेबांना बीपी आहे ना? मग आधीचे आजार धरलेत का, धरले असतील तर फक्त जिवावर बेतलं तरच का, आणि प्रत्येक क्लेममधे सुरुवातीची रक्कम आपल्या खिशातून किती, एवढं एजंटकडून लेखी घ्या. फॉर्ममधे बीपी लपवू नका, तो लपवायला सांगेल.

कुलकर्णी काकू: तसंच सांगितलंय त्याने 🙈

देशमुख काका: बघा!

कुलकर्णी काकू: पण लेकीच्याच इन्शुरन्समधे आम्हाला घालता येणार नाही का? तिच्या पगारातून दर महिन्याला भरपूर कापतात.

स्नेहा: नाही हो. तिच्या सरकारी योजनेत नवरा आणि मुलं येऊ शकतात, आईवडील नाहीत. बाळंतपण तिचं त्यात होईल, त्याची काळजी नको. तुमचं मात्र स्वतंत्र. खरं सांगू का, आईवडिलांना इकडे कायमचं आणायचं तर अडतं ते इथेच. मार्च २०२४ पासून कुशल कामगारांसाठी नियम सैल झालाय, त्या तारखेनंतर ज्यांना पहिल्यांदा तसा परवाना मिळाला ते आईवडिलांना बोलावू शकतात, पण आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि ५५ च्या पुढच्या माणसाला सरकारी योजना सहसा दारात उभं करत नाही, खाजगीवाले जे आकडे सांगतात ते ऐकून आम्ही विषय बंद केला.

मंदार: कॅनडाचं बरं त्या मानाने, सुपर व्हिसावर एका दमात पाच वर्षं राहता येतं. अर्थात तिथेही १ लाख कॅनेडियन डॉलरचा इन्शुरन्स लागतोच.

कुलकर्णी काकू: कॅनडाला कोण आहे माझं 😄

स्नेहा: काकू एक सुचवू? दोघं एकदम जाऊ नका. आधी तुम्ही, तुमचे ९० संपले की विहीणबाई. इकडे सगळ्या मराठी घरांत अशाच पाळ्या लागतात, सहा महिने निघतात.

कुलकर्णी काकू: आणि यांना इथे चहा कोण करून देणार

देशमुख काका: आमच्याकडे पाठवा.

स्नेहा: लेकीला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढायला सांगा, तुमचा खर्च मी करते असं सरकारी कागदावर. त्याची अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, आजच फॉर्म भरू दे. तुमचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो. फी ९० युरो, वर व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) चार्ज, व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट.

कुलकर्णी काकू: बरं. आणि घरचं साजूक तूप नेते दोन किलो, डिंकाचे लाडू तिथेच वळीन.

स्नेहा: तूप नका आणू काकू, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, कस्टमवाल्याने उघडलं तर तिथेच टाकतात. इकडे लोणी चांगलं मिळतं, कढवा.

कुलकर्णी काकू: विकतच्या लोण्याचं?? बघते.

सचिव: टँकर आलाय. बी विंगच्या खाली कोणाची तरी पांढरी स्विफ्ट आहे, कृपया हलवा.

कुलकर्णी काकू: आमचीच आहे, पण हे कालनिर्णय घेऊन बसलेत, तीनदा मोजून झालं. ९ एप्रिललाच ९० भरतात म्हणे. पाठवते खाली.