पाणी यायच्या टायमाला लाइट बंद करावी का? आपल्या गल्लीपुरतं बोला

होटगीरोडवाला

विषय सरळ हाय. आपल्याकडं सोलापुरात चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतंय, ते पण कधी पहाटे तीनला तर कधी भर दुपारी, आणि ज्यांनी नळाला डायरेक्ट मोटार जोडलीय त्यांचा हौद भरतो, वरच्या दोन टाक्या भरतात, मग अंगण धुतात, मग गाडी धुतात, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुस्स फुस्स हवा सोडत बसतो. पाणी सोडणाऱ्या महापालिकेच्या चावीवाल्याला विचारलं तर म्हणतो मी चावी पूर्ण खोललोय साहेब, पुढं कोण ओढतंय ते तुमचं तुम्ही बघा. त्याचं पण खरंय.

मोटार जप्त करणारं पथक येतं, नाही असं नाही. पण पथक यायच्या आधी बातमी येते, मोटारी माळ्यावर जातात, पथक गेलं की परत खाली. पाचशे लोकांच्या घरात घुसून कोण बघणार?

म्हणून माझं म्हणणं असंय की पाणी सोडल्यापासून पहिला दीड तास आपल्या डीपीवरची (गल्लीला लाइट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरची) लाइट बंद ठेवायची. महापालिकेच्या झोन ऑफिसला एक पत्र, वीज कंपनीला एक पत्र, खाली सगळ्यांच्या सह्या. मोटार आपणहून कोणी काढणार नाय, कारण मी काढली आणि शेजाऱ्यानं ठेवली तर माझंच पाणी त्याच्या हौदात जातंय. अर्ध्या एचपीची होती ती लोकांनी एकची केली, आता कोणी दीडची आणालंय. एकाच वेळी सगळ्यांची बंद झाली तरच हे थांबतं. विरोध असेल तर कारण द्या, नुसतं "जमणार नाही" म्हणू नका.

दुसरा मजला (भाड्यानं)

विरोध आहे, आणि कारण देतो. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरमालकानं खाली हौद बांधलेला नाही, जागाच नाही. मोटार नसेल तर माझ्याकडं पाण्याचा थेंब चढत नाही, दोन जिने घागरी वाहायच्या. माझ्या वडलांना ऑक्सिजनचं मशीन आहे, दिवसातून काही तास लागतं. एप्रिल-मे मध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत दुपारी दीड तास लाइट बंद म्हणजे काय ते वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली येऊन बघा एकदा. चूक करणारे वीस घरं, शिक्षा दोनशे घरांना. हा कुठला न्याय ओ?

पाइपवाला अण्णा

आयुष्य गेलं नळाच्या कामात म्हणून बोलतो, कुणाला राग येऊ नये.

मोटार लावणं नियमात बसत नाहीच, पण नियमाचं सोडा, तुमच्याच पोटात काय जातंय ते बघा. लाइनीत पाणी आपल्या प्रेशरनं येतं. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक किलो प्रेशर. सरकारी मापदंड बरीच वर्षं असा होता की एकमजली वस्तीत नळाच्या जोडणीपाशी सात मीटरचं प्रेशर पाहिजे, दोन मजल्याला बारा, तीन मजल्याला सतरा. म्हणजे नीट प्रेशर आलं तर दुसऱ्या मजल्याला पण मोटार लागायला नको. ते येत नाही हा वेगळा विषय. आता या कमी प्रेशरच्या लाइनीवर एका वेळी पंचवीस-तीस मोटारी ओढायला लागल्या की लाइनीतलं प्रेशर शून्याच्या खाली जातं. मग पाइप पाणी द्यायचं सोडून बाहेरचं आत ओढायला लागतो. बाहेर काय असतं? शेजारून गटार गेलेलं असतं. जिथं जॉइंट ढिला, जिथं जुना लोखंडी जीआय पाइप सडलेला, तिथून ते आत. सुरुवातीचं पाणी पिवळं येतं, वास मारतं, लोकं महापालिकेला शिव्या देतात आणि मोटार चालूच.

अजून एक. काही जणांनी नळाखाली खड्डा केलाय दोन-तीन फुटाचा, की खाली जास्त पाणी पडतं म्हणून. पडतं, खरंय. पण पाणी बंद झालं की त्याच खड्ड्यात साबणाचं, धुण्याचं सांडलेलं साचतं, नळाची तोटी बुडते, आणि लाइन रिकामी होताना ते उलट आत जातं. मोटारीपेक्षा खड्डा वाईट. खड्डेवाले गप्प बसून मोटारवाल्यांना बोलतेत हे मला गमतीचं वाटतंय.

लाइट बंद करावी का? मी म्हणेन करून बघा. पण खड्डे पण बुजवा.

विडी घरकुलची

दुसऱ्या मजल्याच्या दादांना विचारायचंय, तुमच्या वडलांची काळजी खरी आहे, पण ज्यांच्याकडं मोटारच नाही त्यांच्याबद्दल कोणी का बोलेना? माझी आई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी. पाण्याच्या दिवशी ती सूप बाजूला ठेवून नळापाशी बसते, कारण कधी येईल सांगता येत नाही आणि आलं तर अर्धा-पाऊण तास येतं. तेवढ्या वेळात शेजारचा मोटार चालू करतो आणि आमची धार करंगळीएवढी होते. त्या दिवशी तिच्या हजार होत नाहीत, सहाशे-सातशेवर थांबते, पैसे तेवढेच कमी. तुमची दीड तास लाइट जाते म्हणून त्रास, आमचा अर्धा दिवस जातो त्याचं काय? माझी सही धरा.

दुसरा मजला (भाड्यानं)

ताई तुमच्या आईबद्दल मला वाईटच वाटतं. पण तुमच्या शेजाऱ्याची मोटार काढा ना. माझ्या घरातला पंखा कशाला काढता?

विडी घरकुलची

काढायला गेले तर भांडण होतं दादा, आणि पुढची तीस वर्षं त्याच भिंतीला भिंत लावून राहायचंय.

सोलरवाला, सैफुल

कोणी एक गोष्ट लक्षात घेईना. लाइट बंद केली म्हणजे मोटारी बंद होतील हे कोणी सांगितलं? ज्यांच्याकडं मोठा इन्व्हर्टर आहे ते अर्ध्या एचपीची मोटार आरामात चालवतील. म्हणजे श्रीमंताची मोटार चालू, गरिबाची बंद. तुमच्या आयडियानं उलट अन्याय वाढणार.

आणि आमच्यासारख्यांनी छतावर सोलर बसवलाय, सबसिडीवाला, ऑन-ग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेला. खालची लाइट गेली की तो पण आपोआप बंद पडतो, तसाच बनवलेला असतोय, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. म्हणजे भर उन्हात दुपारी पाणी आलं तर माझी दीड तासाची वीज पण गेली. त्याचे पैसे कोण देणार, चावीवाला?

होटगीरोडवाला

सोलरवाले, इन्व्हर्टरवर मोटार चालवणारे किती असतील, पाच? तेवढ्या मोटारी लाइन सहन करेल. पंचवीस सहन होत नाहीत. आणि तुमच्या दीड तासाच्या युनिटला किती पैसे पडतात ते हिशोब करून सांगा, टँकरची एक फेरी वाचली की निघून जातील.

नीलमनगरचा यंत्रमागवाला

मी तुमच्या कॉलनीतला नाही पण पाण्याचं दुखणं एकच म्हणून लिहितो. आमच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर, डीपी एकच. लाइट गेली की धोटा (आडवा धागा नेणारा) मध्येच अडकतो, सुताचे तार तुटतात, परत लाइट आल्यावर गाठी मारून चालू करायला वेळ जातोय, कामगाराला मजुरी नगावर, म्हणजे त्याचं नुकसान. आधीच चादरीचा, टॉवेलचा धंदा काय अवस्थेत हाय सगळ्यांना माहितीय. पाणी वेळेवर येत असतं तर माग बंद ठेवायची वेळ पण ठरवता आली असती. वेळच ठरलेली नाही तर लाइट कधी बंद करणार बे? पाणी रात्री दोनला येणार की पहाटे पाचला हे झोनवाल्याला माहीत नाही, लाइटवाल्याला कुठून माहीत होणार?

आणि आणखी एक, एका चावीवर जेवढी घरं तेवढीच घरं एका डीपीवर असतात असं नाही. पाणी आमच्या गल्लीला आणि लाइट गेली पलीकडच्या गल्लीची, असं होणार बघा.

पाइपवाला अण्णा

यंत्रमागवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. व्हॉल्व्हची हद्द आणि डीपीची हद्द जुळत नाही. जुळवायची तर कागदावर बसून दोन्ही ऑफिसच्या लोकांनी जुळवावी लागेल, आणि दोन ऑफिसं एका टेबलाला बसलेली मी तरी बघितली नाहीत.

उजनीचा हिशोब

तुम्ही सगळे आपसात भांडालाव हेच तर पाहिजे असतं वरच्यांना. एक साधा हिशोब करा. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेला साडेनऊ लाख होती, दहा लाख धरा. माणशी १३५ लिटर हा मापदंड, म्हणजे दिवसाला साडेतेरा कोटी लिटर. वर्षाचं गणित केलं तर पावणेदोन टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास येतं. फक्त पावणेदोन! वाढलेली लोकसंख्या, गळती सगळं धरून दुप्पट करा, तरी साडेतीन. आणि उजनी किती टीएमसीची? ११७. त्यातला मृतसाठाच ६३ च्या वर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नास टक्क्यांच्या खाली, म्हणजे मृतसाठ्यात गेली होती तेव्हा पण धरणात सोलापूरला कित्येक वर्षं पुरेल एवढं पाणी पडून होतं. म्हणजे पाणी नाही हे कारणच नाही. उजनी, टाकळीचं भीमेवरचं पंपिंग, हिप्परग्याचा एकरुख तलाव, तीन-तीन ठिकाणं आहेत. शंभर किलोमीटरहून लांब पाइप टाकली, जुनी पुरेना म्हणून १७० एमएलडीची (दिवसाला सतरा कोटी लिटरची) दुसरी समांतर टाकली. तरी घरात चार दिवसांनी का येतं, हा प्रश्न विचारा ना. लाइट बंद करा म्हणणं म्हणजे त्यांचं काम आपण आपल्या अंगावर घेणं झालं. पत्र लिहायचंच असेल तर रोज पाणी द्या म्हणून लिहा.

होटगीरोडवाला

हिशोब मान्य, मालक. पण तो हिशोब मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकालोय. मोठी पाइप शहराच्या वेशीपर्यंत आली म्हणून गल्लीत पाणी येत नाही, आतल्या टाक्या पाहिजेत, आतली जुनी लाइन बदलली पाहिजे, त्याला वर्षं लागतात. तोपर्यंत टोकाच्या घरांनी काय करायचं? रोज पाणी द्या हे पत्र पण लिहू, मी स्वतः लिहितो. पण रोज पाणी आलं तरी मोटारी चालूच राहिल्या तर टोकाला परत फुस्सच.

मास्तर, जुळे सोलापूर

थोडं विषयांतर. चार दिवसांनी पाणी येतं म्हणून प्रत्येक घरात बॅरल, टाकी, पातेली, बादल्या सगळं भरलेलं. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. दर पावसाळ्यात आमच्या वर्गातली पोरं आठ-आठ दिवस गैरहजर. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा असं आरोग्यवाले सांगतात, पण पुढचं पाणी कधी येणार याची खात्री नसताना भरलेलं बॅरल कोण उपडं करेल? मी पण करत नाही. फडक्यानं तोंड बांधतो एवढंच.

मूळ प्रश्नावर: बंद करा, पण रात्री आणि पहाटे पाणी सोडतात तेव्हाच. दुपारी नको. उन्हाळ्यात म्हातारी माणसं मरतील.

सोलरवाला, सैफुल

मास्तरांचं पहिलं बरोबर. दुसऱ्याला माझा विरोध कायम. पहाटे तीनला लाइट गेली की लोकं उठून बघणार, अरे लाइट गेली म्हणजे पाणी आलं, चला! उलट फुकटचा भोंगा झाला. 😄

विडी घरकुलची

मग चांगलंच की ओ. आईला रात्रभर जागं बसावं लागणार नाही.

दुसरा मजला (भाड्यानं)

हे बरं आहे, माझ्या वडलांचं मशीन बंद करून तुमचा भोंगा.

एक व्यवहाराचं बोलतो. डायरेक्ट लाइनीला मोटार नको हे मला पण पटतं, अण्णांनी गटाराचं सांगितल्यापासून तर जास्तच. पण मग घरमालकांना सक्ती करा की खाली हौद बांधा, नसेल जागा तर पाचशे लिटरची का होईना टाकी जमिनीवर ठेवा. पाणी त्यात आपल्या चालीनं पडेल आणि तिथून वर मोटारनं चढवू. त्यात कुणाचं पाणी ओढलं जात नाही. भाडं घेताना पाणी आहे म्हणून सांगतात आणि एक टाकी ठेवायची म्हटलं की खर्चाचं बोलतात.

पाइपवाला अण्णा

हे शंभर टक्के बरोबर. हौदातून चढवायला कुणाचाच आक्षेप नाही. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा म्हणजे भरल्यावर रस्त्यावर वाहणार नाही. आणि मोटारीला अर्थिंग करा, ओल्या अंगणात उघड्या वायरीवर मोटार चालवून शॉक लागून माणसं गेल्याचं दर उन्हाळ्यात ऐकतो.

नाव नको

माझ्याकडं मोटार हाय. कोण काढतो बघतोच. पाणीपट्टी पूर्ण भरतो मी, वर्षाची. दिवसाआड पाणी द्या, मोटार उद्या भंगारात घालतो.

होटगीरोडवाला

पाणीपट्टी टोकाच्या घरातली बाई पण तेवढीच भरते. तिच्या वाटणीचं तुमच्या हौदात पडतंय.

नाव नको

तिनं पण मोटार घ्यावी.

विडी घरकुलची

एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

मास्तर, जुळे सोलापूर

भांडू नका. दोन पत्रं करा. एक लाइटचं, ज्यांना पटतं ते सही करतील. दुसरं: डायरेक्ट मोटार बंद, खड्डे बुजवा, प्रत्येक घराला हौद किंवा जमिनीवर टाकी, आणि पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशी कळवा.

दुसरा मजला (भाड्यानं)

दुसऱ्यावर माझी सही. पहिल्यावर धरू नका, आणि माझं नाव परस्पर टाकलं तर झोन ऑफिसला येऊन खोडेन.

सोलरवाला, सैफुल

मी पण दुसऱ्यावर.

नीलमनगरचा यंत्रमागवाला

वेळ कळवायचा मुद्दा सगळ्यात वर घाला. बाकीचं नंतर.

होटगीरोडवाला

ठीक हाय, दोन्ही काढतो. पहिल्यावर आतापर्यंत मी, ताई, अण्णा, आणि मास्तर अर्धे. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्यापाशी कागद घेऊन थांबतो. दुसरं पत्र लिहायला अक्षर चांगलं असलेला कोणीतरी या, माझं डॉक्टरसारखंय.

पाइपवाला अण्णा

रविवारी आपल्या लाइनीची पाळी येतीय बे. सकाळी कोण घर सोडून येणार? सोमवारी ठेव.