जिराफाची नजर: श्रेय मानेचे की डोळ्याचे?

कुतूहल:
जिराफाची नजर फार तीक्ष्ण असते, हे प्राण्यांवरच्या बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळते, पण कारण सांगताना लेखक मानेच्या लांबीपाशीच थांबतात. चार-पाच मीटर उंचीवरून कोणत्याही डोळ्याला दूरचे दिसेलच. मग जिराफाच्या डोळ्यात स्वतःचे असे काही वेगळे आहे का? शिवाय त्याची बाहुली आडवी असते, तर पाणी पिताना तोंड जमिनीकडे वळल्यावर ती उभी होत असेल का? आणि जिराफ माणसाला दोन किलोमीटरवरून ओळखतो, या विधानात तथ्य किती?

नेत्रविचार:
उंचीचा फायदा खरा आहे आणि तो मोजताही येतो. सपाट मैदानात १.६ मीटर उंचीवरच्या डोळ्यासाठी क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते, तर ५ मीटरवरच्या डोळ्यासाठी ते सुमारे आठ किलोमीटरवर जाते. मात्र क्षितिज लांब जाणे निराळे आणि तिथला तपशील दिसणे निराळे. तपशिलासाठी डोळा मोठा लागतो, आणि जिराफाचा डोळा जमिनीवरील सस्तन प्राण्यांच्या मोठ्या डोळ्यांत गणला जातो. नेत्रगोल मोठा असला की भिंगापासून दृष्टिपटलापर्यंतचे अंतर वाढते, प्रतिमा मोठी पडते आणि ती अधिक पेशींमध्ये वाटली जाते.

खरी गंमत दृष्टिपटलावर आहे. कोइम्ब्रा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जिराफाच्या गँग्लिऑन पेशींची, म्हणजे मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या पेशींची, मांडणी प्रसिद्ध केली. माणसाची तीक्ष्ण नजर दृष्टिपटलावरच्या एका लहानशा खळग्यात एकवटलेली असते. खुरवाल्या प्राण्यांत तसा खळगा नसतो. जिराफात त्याऐवजी या पेशींचा दाट आडवा पट्टा आहे, त्यामुळे मान न हलवता क्षितिजाचा मोठा भाग एकाच वेळी न्याहाळता येतो. कानशिलाकडच्या बाजूला पेशी सर्वांत दाट आहेत आणि तो भाग समोरचे पाहतो.

दोन किलोमीटरच्या विधानावर माझा विश्वास नाही. त्याची सर्वोत्तम दृष्टी एका अंशात काळ्यापांढऱ्या रेषांच्या सुमारे २५ जोड्या वेगळ्या ओळखण्याइतकी आहे. माणसात हाच आकडा ६० च्या आसपास जातो. एक किलोमीटरवर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मीटर, म्हणजे एका जोडीच्या वाट्याला सुमारे ७० सेंटीमीटर येतात. त्याच्या दुप्पट अंतरावर माणूस हा जेमतेम एक ठिपका असेल. हालचाल टिपली जाईल, पण ओळख पटणार नाही.

रानवाट:
बाहुलीच्या प्रश्नाला मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात चांगले उत्तर आहे. त्यांनी जमिनीवरील २१४ प्रजातींच्या बाहुल्यांची तुलना केली. आडवी बाहुली प्रामुख्याने अशा शाकाहारी प्राण्यांत आढळली, ज्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि ज्यांची शिकार होते. अशी बाहुली बाजूंनी येणारा प्रकाश जास्त घेते, वरून येणारे ऊन कमी घेते आणि जमिनीलगतचे दृश्य स्पष्ट ठेवते. शेळ्या, मेंढ्या आणि घोडे मान खाली घालतात तेव्हा प्रत्येक डोळा खोबणीत उलट दिशेने फिरतो, तोही ५० अंशांहून अधिक, म्हणून बाहुली जमिनीला समांतरच राहते. पुढचे पाय फाकवून पाणी पिणारा जिराफ सिंहाच्या तावडीत सहज सापडू शकतो, तेव्हा या सोयीची गरज त्याला या सगळ्यांपेक्षा अधिक आहे.

रंगांबाबत एवढेच, की जिराफात दोन प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, असतात, त्यामुळे निळा आणि पिवळा हा फरक कळतो, पण हिरवा आणि लाल यांत गोंधळ होतो.

कुतूहल:
दोघांचेही आभार. एक शंका राहिली. डोळा क्षितिजासाठी इतका घडलेला असेल, तर लांब काट्यांच्या बाभळीतून नेमकी पालवी खुडताना जिराफाचे कसे निभावते?

नेत्रविचार:
प्रश्न नेमका आहे आणि उत्तर कोइम्ब्रा यांच्या त्याच अभ्यासात आहे. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणजे दृष्टिपटलाचा वरचा भाग खालचे दृश्य पाहतो आणि कानशिलाकडचा भाग समोरचे. जिराफात तो दाट पट्टा सरळ न संपता वर आणि कानशिलाच्या दिशेने वळतो, म्हणजे तो थेट समोर आणि किंचित खाली रोखलेला असतो, जिथे त्याचे ओठ आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीची जीभ काम करत असते. दूरचा सिंह आणि नाकाखालचा काटा यांसाठी नजर वळवण्याची गरज त्यामुळे फारशी पडत नाही. दोन्ही कामे एकाच दृष्टिपटलाचे वेगवेगळे भाग सांभाळतात. पापण्यांचे लांब, दाट केस या वेळी डोळ्याचे रक्षण करतात, पण फांदी कुठे धरायची हे ठरवण्याचे काम मात्र पेशींच्या त्या वळलेल्या टोकाचे.