दिवाळीत घरच्यांसोबत पाहण्या-वाचण्यासाठी आपल्या मराठवाड्याशी नाते असलेले अलीकडचे काही सुचवावे

गोदाकाठ

नमस्कार. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. घर गंगाखेडजवळच्या एका गावात आहे. दिवाळीला आठ दिवस गावी जाणार असून आई, अण्णा आणि दहावीत शिकणारा भाचा यांच्यासोबत पाहता, वाचता किंवा खेळता येईल असे गेल्या चार-पाच वर्षांतले काही मला हवे आहे. मागच्या दिवाळीत एक गाजलेली हिंदी मालिका लावली होती. दुसऱ्याच भागात शिव्या सुरू झाल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरात निघून गेली, अण्णा ओसरीवर जाऊन बसले आणि भाचा व मी एकमेकांकडे न पाहता पडद्याकडे पाहत राहिलो. म्हणून या वेळी आधी विचारून घेत आहे.

अण्णांची एक जुनी खंत आहे. पडद्यावर गावाकडचा माणूस बोलू लागला की त्याची बोली बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडची असते. ‘काय करायलास’, ‘कुठं जायलास’ असे बोलणारी आपली माणसे क्वचितच दिसतात, आणि दिसली तरी दुष्काळाच्या बातमीत. त्यामुळे आपला मुलूख ओळखू येईल असे काही मिळाले तर मला फार आनंद होईल. ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका त्यांच्यासोबत पाहण्याजोगी आहे का? मानवत आमच्यापासून फार लांब नाही, आणि तिथे नरबळीसाठी झालेल्या खुनांच्या त्या घटना घडल्या तेव्हा अण्णा शाळेत होते. आईला वाचनाची आवड आहे, परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती फार वेळ वाचत नाही. तिला मोठ्याने वाचून दाखवता येईल असे पुस्तक हवे. भाचा मोबाइलवर दिवसरात्र गोळीबाराचा खेळ खेळतो. त्याच्या शेजारी मलाही बसता येईल असा एखादा खेळ असल्यास जरूर सांगावे. गावात इंटरनेट मंद आहे, म्हणून जे काही असेल ते पुण्याहूनच उतरवून न्यावे लागेल.

बालाघाट

अण्णांची खंत अगदी रास्त आहे. चित्रपटांत मी सर्वप्रथम ‘पाणी’ सुचवेन. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. आदिनाथ कोठारे यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून मुख्य भूमिकाही त्यांनीच केली आहे. २०१९ साठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड झाली होती, मात्र चित्रपटगृहांत तो यायला ऑक्टोबर २०२४ उजाडले. पाणी नसलेल्या गावात कोणी मुलगी देत नाही, या एका गोष्टीवर त्याची कथा उभी आहे, आणि हे सत्य आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो गावकऱ्यांना श्रमदानासाठी तयार करण्याचा. बांध घालणे एक वेळ सोपे. पण ज्याच्या शेतातून चर जाणार आहे त्याला राजी करणे किती अवघड असते, हे मी स्वतः पाणलोटाच्या कामात पाहिले आहे. दुष्काळाची करुण कहाणी इथे नाही, दुष्काळाशी झगडणारी माणसे आहेत.

विदर्भाचा असला तरी ‘स्थळ’ही पाहावा. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुलगी पाहायला आलेली माणसे पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात आणि घरातल्या कापसाला भाव केव्हा येईल याच्याशी तिच्या लग्नाचे गणित बांधलेले असते. बोली आपली नाही, हे अण्णा लगेच सांगतील. परंतु पाट मांडून मुलीला बसवतात ते घर आई ओळखेल.

दुधना

मी मूळची सेलूची असल्यामुळे मानवतच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देते. ही आठ भागांची मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या लेखनावर ती आधारलेली असून दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे आहे. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी मनापासून कामे केली आहेत. विशेषतः अनासपुरे यांना आपण इतकी वर्षे विनोदी भूमिकांमध्ये पाहिले आहे की, बोलण्याचा तोच मराठवाडी हेल या मालिकेत भीती कसा निर्माण करू शकतो, हे पाहून मी थक्क झाले. तपासाची संथ गती मला आवडली. तेव्हाचे रस्ते, वाडे आणि माणसांचे गप्प राहणे तिच्यामुळेच जाणवते.

तरीही दिवाळीत घरच्यांना एकत्र बसवून ती लावू नये, असे माझे मत आहे. बळी गेलेल्यांमध्ये लहान मुली होत्या. माझी आजी सांगत असे की, १९७२ च्या त्या दुष्काळात आधीच लोक खडी फोडायला जात होते, मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होते आणि त्यातच ही भीती पसरल्यामुळे लेकीबाळींना विहिरीवरसुद्धा एकटे पाठवत नसत. ज्या माणसाने तो काळ तिथेच काढला आहे, त्याच्यासमोर ती मालिका अचानक येऊ नये. अण्णांना आधी विचारावे. ते ‘बघू’ म्हणाले तर दोघांनीच पाहावी, आणि मध्ये थांबून ते काही सांगू लागले तर ते ऐकावे. माझ्या दृष्टीने ते मालिकेहून मोलाचे आहे.

सर्वांनी मिळून पाहायचेच असेल तर याच दिग्दर्शकाचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ (२०२३) घ्यावा. लेखन परेश मोकाशी यांचे आहे आणि त्यासाठी बेंडे यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. शाळकरी मुलाच्या प्रेमाची गोष्ट सांगता सांगता तो जातीबद्दल ज्या सहजपणे बोलतो, ते दहावीतल्या मुलाने पाहावे असे मला वाटते.

बालाघाट

दुधना ताई, एका मुद्द्यावर मी असहमत आहे. नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१३ मध्ये आला. तो का लागला, हे दहावीतल्या मुलाला कळायला हवे आणि त्यासाठी मानवतपेक्षा जवळचे उदाहरण नाही.

दुधना

कळायलाच हवे, यात दुमत नाही. परंतु लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, आजीच्या शेजारी बसून नव्हे. पुढच्या वर्षी त्याने मामासोबत ती अवश्य पाहावी.

मांजराकाठ

मी लातूरला तीस वर्षे मराठी शिकवले. पुस्तकाचा प्रश्न वाचल्याबरोबर मला दोन कादंबऱ्या एकत्र आठवल्या आणि त्या एकामागोमाग एक वाचाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

पहिली आहे देविदास सौदागर यांची ‘उसवण’. तिला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे, आणि कादंबरीचा नायकही शिंपीच आहे. तयार कपड्यांची दुकाने आली आणि मापे देऊन कपडे शिवून घेणारे गिऱ्हाईक हळूहळू कमी झाले. मग लांबी कमी करणे, साखळी बदलणे असली किरकोळ कामे उरली. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात हे घडले आहे, पण मशीनवर बसलेल्या माणसाच्या बाजूने ते कोणी सांगितले नव्हते. कादंबरी छोटी आहे आणि वाक्ये आखूड आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचायला ती फार सोयीची आहे.

दुसरी नवी नाही, परंतु तिच्याशिवाय पहिलीची खोली कळत नाही, म्हणून आपल्या काळमर्यादेबाहेर जाऊन सांगतो. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ मध्ये आली. बोराडे सर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. ते लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. तिथेही शिंप्याचेच घर आहे, गंगारामचे, आणि त्या घराची पडझड त्याची बायको पार्वती आपल्याकडच्या बोलीत सांगते. एका शिंप्याच्या घराची गोष्ट अर्ध्या शतकापूर्वी याच मुलखातून आली आणि दुसऱ्या शिंप्याची आज पुन्हा इथूनच आली. ‘पाचोळा’त गावच एका माणसाला मोडते, ‘उसवण’मध्ये बाजार मोडतो. पार्वतीचे बोलणे मी वर्गात वाचत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करत, कारण घरात आई बोलते तसे पुस्तकात छापलेले असते, हे त्यांनी आधी पाहिलेले नसे. अण्णांना जे पडद्यावर मिळत नाही, ते इथे पानोपानी आहे.

सणाच्या दिवसांत इतके दुःख नको, असे कोणी म्हणेल. माझा अनुभव निराळा आहे: आपल्या कष्टांचे नीट वर्णन झालेले ऐकले की वडीलधाऱ्यांना बरे वाटते. कथाच हव्या असतील तर परभणी जिल्ह्यातलेच आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ आहे. त्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका बैठकीत एक कथा पुरते.

कयाधू

मी हिंगोलीचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. खेळांबद्दल मी सांगतो.

‘राजी’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला खेळ आहे. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी राक्षसांशी लढते. त्यात लढाई असल्यामुळे आपल्या भाच्याचे मन रमेल, आणि देवळे, भित्तिचित्रे व पुराणातल्या गोष्टी असल्यामुळे अण्णाही मागे उभे राहून पाहतील. वेरूळ पाहिलेल्या माणसाला त्यातले दगडी खांब परके वाटत नाहीत.

मात्र माझी खरी शिफारस ‘वेनबा’ची आहे. २०२३ सालचा हा खेळ टोरांटोच्या विसाई गेम्सचा आहे आणि तो दीड-दोन तासांत संपतो. वेनबा ही तमिळ आई नवऱ्यासोबत कॅनडात राहायला गेली आहे. तिच्याजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण तिची पाने फाटलेली आणि अक्षरे पुसलेली आहेत. पहिलाच पदार्थ इडली आहे; पात्रात पाणी किती, कापड केव्हा, वाफ कशी, हे आपण तर्काने जुळवायचे असते. मी हा खेळ खेळत होतो तेव्हा माझी आई मागून म्हणाली, “अरे, आधी पाणी घाल.” तिने आयुष्यात प्रथमच एखाद्या खेळात लक्ष घातले आणि शेवटपर्यंत उठली नाही. मजकूर इंग्रजीत असल्यामुळे वाचून मराठीत सांगावा लागेल; ते काम भाच्याकडे द्यावे. दोन्ही खेळ लॅपटॉपवर चालतात. निघण्यापूर्वी पुण्यात एकदा सुरू करून पाहावेत आणि इंटरनेट बंद ठेवूनही चालतात याची खात्री करून घ्यावी.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला फोन करून मांजराकाठ सरांनी लिहिलेले वाचून दाखवले. ‘पाचोळा’ तिने लग्नानंतर गंगाखेडच्या वाचनालयातून आणून वाचली होती, हे मला आजवर ठाऊक नव्हते. पार्वतीचे नाव तिला अजून आठवते. म्हणून आता दोन्ही पुस्तके घेतो आणि सुरुवात ‘उसवण’ने करतो.

‘पाणी’ आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’ सर्वांसाठी, ‘वेनबा’ भाच्यासाठी व आईसाठी, असे ठरवले आहे. मानवतबद्दल अण्णांना फोनवरच विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तू ये, मग बघू.” दुधना ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती मालिका मी उतरवून नेतो, पण ते स्वतः म्हणाले तरच लावेन.

कयाधू, एकच शंका आहे: माझा लॅपटॉप कार्यालयाचा असून सहा वर्षे जुना आहे. ‘राजी’ त्यावर चालेल का, की फक्त ‘वेनबा’च न्यावा?

कयाधू

‘वेनबा’ निश्चित चालेल. ‘राजी’ला बरे ग्राफिक्स कार्ड लागते, त्यामुळे तो ठेवून द्यावा. शिवाय कार्यालयाच्या यंत्रावर खेळ बसवण्याची परवानगी आहे का, हेही आधी पाहावे. नसल्यास कोणा मित्राचा लॅपटॉप आठ दिवसांसाठी मागून न्यावा.