मदत हवी आहे: फांदी पाण्यात उभी आहे तरी सुकली, असं का?

नमस्कार मंडळी, मुलीला शाळेत बाष्पोच्छ्वास (झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं) शिकवलाय, तर आम्ही रविवारी घरीच प्रयोग लावला. चार सारख्या बाटल्या घेतल्या, पाणी भरलं, एकीत पानं काढून टाकलेली जास्वंदीची काडी, दोघींत पानांसकट फांद्या आणि एक नुसतीच, आणि पाण्याची आपोआप वाफ होऊ नये म्हणून सगळ्यांत वरून थोडं तेल सोडलं आणि पेनाने खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या बाटलीतलं पाणी तिथंच, काडीवालीतलं जेमतेम हललं आणि पानांवाल्या एका बाटलीत चक्क बोटभर खाली, ते बघून मुलगी नाचायला लागली. पण दुसऱ्या पानांवाल्या फांदीने दुपारीच मान टाकली! पाणी समोर आहे, देठ पाण्यात बुडालेला आहे, तरी पानं कापडासारखी लोंबतायत. एकाच झाडाच्या, एकाच वेळी कापलेल्या फांद्या आहेत हो. काय चुकलं?

आणि मुलीचा दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला नीट देता येईना: झाडाला हृदय नाही, पंप नाही, मग पाणी वर चढवतं कोण? मी म्हटलं मुळं ढकलतात, तर म्हणाली की पण माझ्या फांदीला मुळंच नाहीत.

प्रतिसाद १:
मुलीने बरोबर पकडलं. मूलदाब, म्हणजे मुळांकडून पाण्याला वर मिळणारा रेटा, असतो, सकाळी काही पानांच्या कडांवर थेंब दिसतात ते त्याचंच काम, पण उंच झाडाला तो पुरत नाही. मुख्य जोर वरून लागतो. पानाच्या आतल्या ओल्या पेशींवरून पाण्याची वाफ होते, ती पर्णरंध्रांतून (पानावरच्या बारीक छिद्रांतून) बाहेर जाते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे गेलेल्या पाण्याच्या जागी मागचं ओढलं जातं. जलवाहिन्यांमध्ये (झाडातल्या पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये) मुळापासून पानापर्यंत पाण्याची सलग दोरीच असते असं समजा. हे डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं. साध्या शोषण पंपाने पाणी जेमतेम १० मीटर चढतं कारण तिथे हवेचा दाब खालून ढकलत असतो, पण रेडवूडची झाडं १०० मीटरच्या वर जातात, ती या ओढीवरच.

आता एक सांगा, तेल आधी ओतलंत की फांदी आधी ठेवलीत? तेलातून देठ खाली गेला तर कापलेल्या तोंडाला तेल चिकटतं.

धागाकर्ती:
फांद्या आधी, तेल नंतर. पण हो, आता आठवलं, सुकलेली फांदी कापून ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच पडली होती, चौथी बाटली सापडत नव्हती म्हणून. त्याने एवढा फरक पडतो?

प्रतिसाद २:
तेच कारण असणार. झाडावर असताना ती दोरी ताणलेली असते, कापल्याबरोबर पाणी आत सरकतं आणि तोंडाशी हवा शिरते, वर पानं पाणी उडवतच राहतात त्यामुळे हवा आणखी आत. मग देठ पाण्यात ठेवला तरी मध्ये बुडबुडा अडकलेला. फुलं फुलदाणीत ठेवताना देठ पुन्हा कापतात ते याच्याचसाठी. पसरट भांड्यात पाणी घ्या, देठ आत बुडवा आणि *पाण्याखालीच* दोन-तीन सेंटीमीटर तिरका कापा, मग तोंड बाहेर न काढता भांड्यातच राहू दे, खोलीत सावलीत.

धागाकर्ती:
केलं! काल संध्याकाळी कापली, आज सकाळी शेंड्याकडची पानं बऱ्यापैकी ताठ झालीयेत, खालची दोन मात्र गळालीच. देठाच्या कापलेल्या तुकड्याकडे मुलगी भिंगातून बघत बसली होती, बुडबुडा दिसतो का म्हणून. तो काही दिसला नाही. खूप आभार दोघांचेही, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

आता तिचं नवीन, रात्री झाड पाणी उडवतं का?

प्रतिसाद १:
बहुतेक झाडांची पर्णरंध्रं अंधारात मिटतात, म्हणून फार कमी. निवडुंगाचं उलट, तो पर्णरंध्रं रात्री उघडतो आणि दिवसा पाणी राखतो. जास्वंदीचं तुमच्याच बाटलीवर बघा की, खूण रात्री करा, पुन्हा सकाळी करा, मग संध्याकाळी.

धागाकर्ती:
चांगल्या फांदीच्या बाटलीवर आत्ता दहा वाजता खूण केलीय, उद्या सकाळी किती उतरलं ते इथेच लिहिते.